पाठवणीची बान्झाई

इवासे तोमेकिची या माणसाचे दोन्ही हात देवाने खास वर करण्यासाठीच घडवले असावेत. आमच्या कामिनोसेत शाळेचं छप्पर बदललं, हात वर. आगीच्या बंबाची नवी मोटार आली, हात वर. कुणाचा पोरगा टोकियोच्या कारखान्यात लागला, की स्टेशनवर जाऊन हात वर. आधी घसा खाकरणार, पायांत अंतर घेणार, मग बेंबीच्या देठापासून ‘बान्झाई!’ ओरडून दोन्ही हात आभाळात फेकणार, आणि त्याच्यामागे अख्खं गाव. तीनदा. मग टाळ्या. लग्नात तर देवळातला पुजारी उशिरा आला तरी चालतं, तोमेकिची उशिरा आलेला चालत नाही. कारण बान्झाई कुणीही उठून सुरू करत नाही. मानाच्या माणसाने पहिली ओरडायची, बाकीच्यांनी मागून. आणि आमच्याकडे मानाचा माणूस म्हणजे हा तांदळाचा व्यापारी.

मला तो आवडत नाही. आडवळणाने कशाला सांगू? त्याचा आवाज कानावर आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

युद्धात तो आमच्या आळीचा प्रमुख होता. कामिनोसेतून जितके पुरुष आघाडीवर गेले, त्या सगळ्यांना त्याच फलाटावरून त्याच आवाजाने पाठवलं. माझा नवरा सेइगो त्यातलाच एक. आमची मुलगी फुमिए तेव्हा माझ्या पाठीवर बांधलेली, नीट मान धरत नव्हती. तोमेकिचीने हात वर केले, आळीने केले, मीही केले. न करून जाते कुठे? पुढच्या वर्षी दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरून त्याच्या अस्थींचं म्हणून पांढऱ्या लाकडाचं खोकं आलं. हलवलं तर आत खडखडलं. उघडलं तर एक दगड. नवऱ्याच्या नावाने दगड घेऊन मी घरी आले, आणि तोमेकिची दारात उभा राहून म्हणाला, “अभिनंदन. घराण्याचं नाव झालं.”

तेव्हापासून बान्झाई झाली की मी तिथून उठते. माझा धंदा नवऱ्या मुलींचे केस बांधण्याचा. गावातली एकही नवरी माझा हात डोक्यावर फिरल्याशिवाय बोहल्यावर चढलेली नाही, पण मी तिला दारातून निरोप देते आणि स्टेशनवर जात नाही. लोक म्हणतात, मासुयो विक्षिप्त आहे. म्हणू देत.

यंदा माझ्याच मुलीचं लग्न ठरलं, आणि ठरलं ते तोमेकिचीच्या पुतण्याशी. पोरगा चांगला आहे म्हणून मी गिळलं. कोसाकु जंगलखात्यात आहे, बोलतो कमी, जेवताना भांडी स्वतः उचलतो. पण लग्नातला मध्यस्थ कोण, तर काका.

साखरपुड्याच्या वस्तू घेऊन तोमेकिची आमच्याकडे आला तेव्हा सोबत कोसाकु होता, आणि निवृत्त मुख्याध्यापक कुसाका गुरुजी होते. गुरुजींना प्रश्न विचारला नाही तरी उत्तर मिळतं. वस्तू मांडून झाल्या, वाकून झालं, चहा झाला. मग मी म्हटलं, “माझी एकच अट आहे. स्टेशनवर बान्झाई नको.”

तोमेकिचीने पेला खाली ठेवला. “आज अटी घालणारी आई मी पहिल्यांदाच बघतोय.”

“मग नीट बघून घ्या.”

“मासुयो-सान, पोरं गाडीत बसणार, समुद्रकाठी फिरायला जाणार. त्यांना काय मुक्याने पाठवायचं? मयताची गाडी आहे का ती?”

“तुमच्या तोंडून निघाली की होते मयताची. मी बघितलंय.”

कोसाकुने मान खाली घातली. गुरुजींना वाटलं आपली पाळी आली.

“शब्दावर राग कशाला?” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “हा शब्द युद्धाचा नव्हेच मुळी. जुना, चीनहून आलेला. दहा हजार वर्षं, एवढाच अर्थ. म्हणजे चिरायू व्हा. पूर्वी दरबारात म्हणायचे, तेही वेगळ्या उच्चाराने. हे हात वर करून तीनदा ओरडणं तर माझ्या वडिलांच्या लहानपणी निघालं. मेइजी बादशहांनी राज्यघटना दिली ना, त्या दिवशी. तोवर स्वारी निघाली की लोक खाली वाकून गप्प. परदेशात म्हणे राजा दिसला की प्रजा जयजयकार करते, आणि आमची प्रजा मुकी! मग विद्यापीठातले प्राध्यापक बसले आणि त्यांनी हा शब्द काढला. आणि गंमत सांगू का? पहिली बान्झाई एवढी जोरात झाली की गाडीचे घोडेच बुजले. दुसरी हळू म्हणावी लागली, आणि तिसरी राहूनच गेली म्हणतात.”

“घोड्यांना अक्कल होती,” मी म्हटलं.

कोसाकुला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. तोमेकिचीला नाही आलं.

“आणि गुरुजी, दहा हजार वर्षं कुणाला?” मी विचारलं. “सेइगोला तर नव्हती. त्याला गाडीच्या दारात उभं करून तुम्ही दुसऱ्याचं, बादशहाचं आयुष्य मागत होतात. त्याच्यासमोर. त्याने ऐकून घ्यायचं आणि वर सलामही ठोकायचा.”

गुरुजी बशीतला गोड पदार्थ निरखायला लागले.

“माझाही थोरला त्याच गाडीने गेला,” तोमेकिची म्हणाला. “मी जन्मभर तोंड वाकडं करून नाही बसलो.”

“हो ना. त्याच्या वेळी तर तुम्ही नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडलात. गाव अजून कौतुक करतं. मी नाही करत.”

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. बोलणं तिथेच मोडायचं, लग्नही मोडायचं, पण कोसाकु पुढे सरकून वाकला. “काका, आईंच्या मनाविरुद्ध नको. बान्झाई नाही झाली तर माझं काही अडत नाही.”

“बघू,” तोमेकिची म्हणाला.

त्याचं ‘बघू’ मला चांगलं ठाऊक आहे. तांदूळ मापताना पण तो असंच म्हणतो.

लग्नाच्या सकाळी मी फुमिएचे केस बांधायला घेतले. मेण लावून, विंचरून, एकेक पट वर चढवत. नवरीचं डोकं जड असतं, तिने मान ताठ ठेवायची आणि बोलायचं नाही. ही बोलली.

“काकांना माफी मागायला लावलीस म्हणे तू.”

“माफी मागण्याएवढी लाज कुठे आहे त्याला? अट घातली फक्त.”

“मला विचारलंस?”

मी कंगवा ओढला. जरा जास्तच ओढला गेला असेल.

“आई, मी टेलिफोन ऑफिसात लागले तेव्हा सगळ्या मुलींना घरच्यांनी दारात उभं राहून बान्झाई केली. मला तू छत्री दिलीस.”

“पाऊस होता.”

“शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा तू मला मागच्या दाराने बाहेर काढलंस. माझ्या मैत्रिणीच्या, त्सुयाकोच्या लग्नात मी स्टेशनवर जाऊ नये म्हणून दुकान धुवायला बसवलंस. आपल्या घरात बाबा रोज जातात. रोज सकाळी उठून गाडीत बसतात. एक दिवस, फक्त आजचा दिवस, मला जाऊ दे की!”

“तुला काय माहीत त्या शब्दाचं? तू पाठीवर होतीस.”

“नाही माहीत! मला बाबांचा चेहरा पण नाही माहीत. मला एवढंच माहीत आहे की गावातल्या एकूण एक पोरीसाठी लोकांनी दहा हजार वर्षं मागितली आणि माझ्यासाठी कुणी मागितली नाही. तू मागू दिली नाहीस.”

मी म्हटलं, “मान सरळ ठेव.” आणि राग आला होता, तोही सांगते. वीस वर्षं लोकांच्या डोक्यांना तेल लावून जिला वाढवली, ती मला तोमेकिचीच्या बाजूने उभी राहून बोलत होती. पण केस मात्र असे बांधले की गावात तसे कुणाचे बांधले नसतील. ते झाकायच्या पांढऱ्या टोपाला शेवटची टाचणी लावली तेव्हा दोघी आरशात होतो आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

देवळातलं आटोपलं. दुपारी तोमेकिचीच्या घरी जेवण होतं. लाल दाण्यांचा भात, अख्खे भाजलेले मासे, आणि तांदळाची दारू, साके, तर पाण्यासारखी. भाषणं सुरू झाली. गुरुजींनी दोन पाइन झाडांचा दृष्टांत देऊन लोकांचे पाय आखडवले. मग मध्यस्थ उठला.

“वधूच्या आईची एक इच्छा आहे,” तोमेकिची सगळ्यांकडे बघत म्हणाला. “म्हणे स्टेशनवर बान्झाई नको. बिचारीने दुःख भोगलंय, मी समजू शकतो. पण आज दुःखाचा दिवस नाही. इवासे घराण्याची सून मुकाट्याने गाव सोडणार नाही! आज अशी बान्झाई करू, की या माउलीच्या मनातली भुतं पण पळतील!”

लोक हसले. टाळ्या पिटल्या. माझ्या दुःखावर टाळ्या पिटल्या. कोसाकु काहीतरी बोलायला उठत होता, त्याला शेजारच्याने ओढून बसवलं. आणि फुमिए, पांढऱ्या टोपाखाली मान घालून बसलेली माझी पोर, हसली. थोडीशीच. पण मी बघितलं.

मी उठले. साकेचा चंबू घेतला, गुडघ्यांवर सरकत तोमेकिचीच्या पुढ्यात गेले आणि कपाळ चटईला टेकवलं. “इवासे-सान, माझं चुकलं. माझ्या हातचं घ्या.”

नवरीच्या आईने भरलेला पेला नाकारता येत नाही. तो खूश होऊन प्याला. मी पुन्हा भरला. “दोन्ही घरांसाठी.” प्याला. “तुमच्या थोरल्याच्या नावाने.” इथे तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि प्याला. मग मी हललेच नाही. लोकांना वाटलं केवढा समेट झाला. बायका किमोनोच्या बाह्यांनी डोळे टिपत होत्या. मी भरत होते.

“मासुयो-सान,” तो बऱ्याच वेळाने म्हणाला. जीभ जड झाली होती. “तुला काय वाटतं, मला ठाऊक नव्हतं? कोण परत येणार नाही ते?”

“घ्या.”

“माझा त्सुनेओ गाडीतून मला काहीतरी सांगत होता. त्याचे ओठ हलत होते. मीच एवढ्या मोठ्याने ओरडत होतो की मला ऐकू नाही आलं.”

दुसरी कुणी असती तर चंबू खाली ठेवला असता. मी म्हटलं, “पेला पुढे करा.” त्याच्या पोराची मला दया आली, त्याची नाही आली. माणूस एकदा बहिरा झाला तर समजू शकते. त्याने त्यानंतरही गावभर तेच केलं आणि आजही करणार होता.

पाहुणे स्टेशनवर जायला उठले तेव्हा तोमेकिची भिंतीला टेकून घोरत होता. कोसाकुने हलवलं, गुरुजींनी हाका मारल्या. उठेना. “राहू द्या,” मी म्हटलं, “दमलेत.” आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्या फलाटावर गेले. आज तिथे मला कुणाची भीती नव्हती.

नोव्हेंबरची चार वाजताची उन्हं. फलाटावर तीस-चाळीस माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. फुमिएने नवरीचा पोशाख उतरवून निळा सूट घातला होता, वर छोटी हॅट. मी बांधलेले केस सोडून टाकले होते. गाडीत चढायच्या आधी ती माझ्याजवळ आली.

“काका कुठायत?”

“झोपले.”

“तू झोपवलंस.”

तिने एकदा वाकून नमस्कार केला, परक्या बाईला करतात तसा, आणि चढली. खिडकी वर सरकवली. कोसाकु तिच्या मागे उभा.

गाडी सुटायला अवकाश होता. लोक उभे. कुणी काही बोलेना. फुलंबिलं देऊन झाली, प्रकृतीला जपा म्हणून झालं, आणि आता जे व्हायचं ते सुरू करणारा माणूस नव्हता. माना इकडेतिकडे वळायला लागल्या. वळत वळत त्या कुसाका गुरुजींवर स्थिरावल्या, मानाने त्यांचाच नंबर. गुरुजींनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

मी जिंकले होते. इंजिनाची वाफ ऐकू येत होती, कुणाच्या तरी लाकडी सपाता ऐकू येत होत्या. असा शांत निरोप सेइगोला मिळाला असता तर, असं माझ्या मनात आलं, आणि मी फुमिएकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सगळं गाव समोर उभं आणि तिच्यासाठी कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. गाव तिच्या आईला घाबरलं होतं. स्टेशनमास्तरने शिट्टी तोंडाला लावली.

फुमिएने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, दोन्ही हात वर केले आणि ओरडली.

“बान्झाई!”

एकटीच. नवरी स्वतःच्या पाठवणीची बान्झाई स्वतः ओरडते, असं कामिनोसेत कधी झालं नव्हतं, होणारही नाही. बायकांनी तोंडावर हात ठेवले. एक म्हातारा हसला. पण ती सवय अशी आहे की पहिली आली की हात आपोआप उठतात. दुसरी बान्झाई ती ओरडली ती माझ्याकडे बघून, डोळे असे की मला वाटलं थोबाडीत मारली, आणि तेव्हा अख्ख्या फलाटाचे हात वर होते. गुरुजींचे, बंबवाल्यांचे, पोरीबाळींचे. कोसाकुचेही होते, खांद्यापर्यंत. तिसऱ्या बान्झाईला पत्रे हादरले.

मी हात वर केले नाहीत. किमोनोच्या बाह्यांत एकमेकांना घट्ट धरून उभी राहिले. गाडीने धक्का घेतला.

आणि मग फुमिएचा चेहरा मोडला. लहानपणी ताप भरला की मोडायचा तसा. हात खाली आले, त्यातला एक तिने माझ्याकडे लांब केला आणि हलवायला लागली. “आई!” ती म्हणत होती. आवाज येत नव्हता, लोक तिसरी संपल्यावरही चेकाळून ओरडत होते, पण ओठ कळत होते. “आई! आई!”

मला हात हलवायचा होता. देवाशपथ हलवायचा होता. बाहीतून बाहेर काढलाही, कमरेपर्यंत आणला. पण समोर, मागे, डोक्यावर सगळीकडे ते हात होते. माझा वर गेला असता तर त्यांच्यातलाच एक झाला असता. गाव म्हणालं असतं, शेवटी मासुयोनेही केली. तोमेकिचीला शुद्धीवर आल्या आल्या कुणीतरी सांगितलं असतं. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला, बघा. आणि तेवढ्या वेळात गाडी फलाट सोडून गेली.

वळणापर्यंत तिचा हात हलताना दिसत होता. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, हॅटा घातल्या आणि घरी निघाले. माझा हात अजून कमरेशीच होता.